चीक

मस्टर मुकादमाचं.
त्यात नावं नसायची.
तडवी चार, पावरा सहा, जयभीम पाच, मेहतर एक.
खाली सही,
आणि सावद्याच्या उन्हात घामाने फुगलेला कागद.

मी नववीत. सुट्टीत आईबरोबर टोळीवर जायची.
ट्रकमध्ये वाळक्या पानांची गादी घालायची,
वर घड. कानपूरला जायचे.
कानपूर नकाशात कुठे आहे
हे टोळीत मला एकटीला माहीत,
त्याचा मला फार माज.

केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो.
लागतो तेव्हा कळत नाही.
दुसऱ्या दिवशी तांबडा, मग काळा,
मग साडीचं पोतेरं होतं तरी डाग तसाच.
हसीना तडवीच्या ओढणीवर, आईच्या बाहीवर,
रुमलीच्या पोराच्या झबल्यावर
तोच.
कविता इथेच संपवता आली असती.

पण पाणी प्यायला आम्ही वेगवेगळ्या बसायचो.
शेठच्या ओट्यावरचा जार काट्यावरच्या माणसांचा.
आमचा माठ वेगळा, हसीनाचा कॅन वेगळा,
रुमली आणि तिच्या पाड्यावरच्या पाटचारीवर जायच्या.
छोटी चावरिया स्वतःची बाटली तोंडाला लावायची,
आमच्याकडे पाठ करून.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगावं लागत नव्हतं.

मुकादम म्हणायचा, रुमलीले कशाले पाहिजे सावली,
ऊनच घाबरते तिच्या रंगाले.
आम्ही हसायचो.
मीही.
रुमलीला सगळं समजतं
हे मला फार उशिरा कळलं.

त्या शनिवारी पावऱ्यांना माणशी चाळीस कमी दिले.
डोंगरातले लोक, त्यांना काय खर्च?
हसीनाला म्हणाला, तुले तर पुरे देल्ले ना?
आईला म्हणाला, ताई, तुमच्यात शिकेल लोक,
तुम्ही कुठं यांच्यात?
छोटीला काहीच म्हणाला नाही.

आई उठली नाही, एवढंच.
घडांच्या ढिगाला टेकून बसली ती बसलीच.
म्हणाली, मले चक्कर येऊन राह्यली.
मग हसीनाला आली.
मग एकेकीला येत गेली.

कापलेला घड कोणासाठी थांबत नाही.
ट्रकवाला हॉर्न मारत होता,
शेठ पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होता.
चार वाजता चाळीस आले, चुरगळलेल्या नोटांत.
मी शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं:
रुमली, गुरली, सेकडी, बिंती,
आणि दोघींची नावं विचारावी लागली.
वर्षभर एका ट्रकमध्ये होतो आम्ही.

सोमवारी छोटीला बोलावलं नाही.
टोळी कमी करायची, म्हणे.
आम्ही घड उचलले.
हो, उचलले. हसीनानेही. रुमलीनेही.
दोन दिवस कोणालाच चक्कर आली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी, कामावरून तशीच,
आई मला घेऊन छोटीकडे निघाली,
नगरपालिकेच्या मागच्या चाळीत.
वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला.
म्हणाली, परत जाऊ.
तिथेच उभी राहिली थोडा वेळ,
मग चप्पल हातात घेऊन चालू लागली.

पूर्वी छोटी आमची गल्ली झाडायची.
तिचा कप आमच्या न्हाणीच्या कोनाड्यात,
कान तुटका, उपडा घातलेला.
कोनाड्यावर फोटो होता,
निळ्या कोटातला, चष्म्याचा.
आईनं कधी वर पाहिलं असेल का
तो कप काढताना, मला माहीत नाही.

छोटीनं चहा दिला.
ह्या कपाला कान होता.
आई तो हातात घेऊन
बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

छोटीनं पाहिलं.
हसली, म्हणाली,
धोया है, बाई.

आई प्याली.
खाली मान घालून, शेवटच्या घोटापर्यंत.
कप ठेवला तेव्हा
तिच्या बोटांना त्या दिवसाचा ओला चीक होता.
पांढऱ्या कपावर काहीच दिसत नव्हतं.
दिसायला
मधे एक रात्र जावी लागते.